डावं पायताण

नेमूअण्णांच्या बेटावर जायचं असेल तर आधी एक पायताण काढून त्यांच्या ताब्यात द्यावं लागतं. डावं. उजवं चालत नाही. दोन्ही दिली तर उजवं परत करतात आणि वर ऐकवतात, "दानधर्म नगं, पावणं. एकच द्या."

आता कोल्हापूरचा माणूस एक वेळ रांगेत उभा राहील, पण कुणी सांगितलं म्हणून पायताण काढून देईल, हे विसरा. आमच्याकडं पायताण पायात असतं, नाहीतर हातात असतं, आणि हातात आलं की समोरचा पळतो. पण तीन वर्षं मी बघते आहे. भले भले मिशीवाले त्या पुलापाशी येतात, हुज्जत घालतात, आवाज चढवतात आणि शेवटी एका पायावर उभे राहून गपगुमान डावं पायताण काढतात.

बेट म्हणजे काही खरंखुरं बेट नव्हे. पेठ वडगावच्या अंगाला, हायवेपासून थोडं आत आमचं पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भेळ, सगळं आहे. तिथल्या तळ्याच्या मधोमध मुरूम टाकून उंचवटा केलाय. त्यावर फायबरचं अर्धं बुडालेलं जहाज, मगरीच्या तोंडातून निघणारी घसरगुंडी, वाळू, दोन खरे माड आणि एक सिमेंटचा. नाव ठेवलंय 'चाच्यांचं बेट'. तळ्याचं पाणी मोठ्या माणसाच्या मांडीला लागतं, पण लहान पोराच्या गळ्याशी येतं. जायला-यायला एकच झुलता पूल, आणि पुलाच्या तोंडाशी नेमूअण्णा. नाव नेमगोंडा, वय सत्तरीच्या घरात, सूतगिरणीतून रिटायर झालेले, राहायला वडगावात. डोक्यावर पांढरी टोपी, आवाज असा की माईकची गरज नाही.

माईकची गरज असलेलं माणूस मी. गेटाजवळच्या काचेच्या खोलीत बसते, चुकलेल्या पोरांची नावं पुकारते आणि राहिलेला वेळ पाण्याच्या बाटल्या कुठं मिळतात ते लोकांना सांगते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली आहे, त्यामुळं घरात आणि दारात तिथल्या बायकांसारखं 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलते. माईकसमोर तेवढी बाई होते.

अण्णांशी माझी पहिली ओळख भांडणातूनच झाली. मी नेहमीप्रमाणे पुकारलं होतं, "निळा शर्ट घातलेला, ओंकार नावाचा मुलगा हरवला आहे." पाच मिनिटांत हा म्हातारा माझ्या काचेवर टकटक करत हजर.

"अक्का, हरवला म्हणू नका."

"मग काय म्हणू? सापडला म्हणू?"

"पोरगं कुठं हरवतंय? पोरगं हाय तितंच असतंय. माणसं हरवत्यात. त्याची माणसं वाट बघत्यात, असं म्हणा. पोराच्या कानावर पडलं की आपली कुणीतरी वाट बघतंय, तर ते रडायचं थांबतंय."

मी म्हटलं, मला माझं काम शिकवू नका. ते म्हणाले, शिकवत न्हाय, सांगतोय. दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशी परत. आठवड्यानं डोक्याला ताप नको म्हणून मी वाक्य बदललं. "अमुक अमुक यांची माणसं गेटाजवळ वाट बघत आहेत, त्यांनी लवकर यावं." तेव्हापासून तेच चालू आहे. म्हाताऱ्याचं बरोबर होतं हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

बेटावरच्या माणसानं चाच्याचा वेश करायचा असा पार्कचा नियम आहे. लाल रुमाल, प्लास्टिकची तलवार आणि एका डोळ्यावर काळी पट्टी. अण्णांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि पट्टी टोपीवर बांधली. मॅनेजर बोलायला गेला तर म्हणाले, "एक डोळा झाकून दोनशे पोरं कशी बघू? तुम्ही बघून दावा." तलवारीचा उपयोग मात्र ते रोज करतात. पुलावर मुंगळ्यांची रांग लागली की तलवारीच्या टोकानं एकेक मुंगळा उचलून कडेला सोडतात, आणि तोवर पन्नास पोरं उन्हात ताटकळतात. अण्णा पक्के जैन. कांदा नाही, बटाटा नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही. दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं, मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सहाच्या ठोक्याला जहाजाच्या पोटातला त्यांचा डबा बाहेर निघतो. पोरं विचारतात, "चाचे, तुमी काय खाता?" आणि चाचे सांगतात, "चपाती, शेंगांची चटणी. खातोस?"

तर पायताणं. पुलाशेजारी त्यांनी जुन्या प्लायवुडचं स्वतः ठोकून केलेलं मांडण आहे. त्यात खण. प्रत्येक खणात एक डावं पायताण. चिठ्ठी नाही, टोकन नाही. कुठलं कुणाचं ते डोक्यात. हल्ली पोरांच्या बुटांना दिवे असतात, त्यामुळं गर्दीच्या दिवशी ते मांडण गणपतीच्या आराशीसारखं लुकलुकत असतं. पोरगं बेटावरून आलं की अण्णा पायताण पुढं करतात, पायात गेलेलं बघतात आणि म्हणतात, "लागली जोडी. जावा आता." जोडी लागल्याशिवाय पुलावरून सुटका नाही.

दोन्ही का नाही काढून घेत, असं मी एकदा विचारलं होतं.

"दोन्ही काढली की पोरगं अनवाणी. अनवाणी पोराला सगळी पृथ्वी मोकळी. एकच काढलं की त्याला दुसऱ्याची आठवण ऱ्हाते. एका पायताणावर कितीसं लांब जाईल? आणि संध्याकाळी मांडणात एक जरी दिसलं, तर बेटावर एक पोरगं हाय. पायताण मोजलं की पोरगं मोजलं."

मोठ्यांनाही तोच कायदा. एकदा एक पांढऱ्या कपड्यातले पुढारी कराकरा वाजणारी नवीकोरी कोल्हापुरी घालून आले. हाताला नातू, मागं चार कार्यकर्ते.

"मला ओळखलं न्हाय काय?"

"ओळखलं की. डावं काढा."

"अहो, हजारोंची चप्पल हाय."

"मग वरच्या खणात ठेवतो, ऊन लागणार न्हाय."

कार्यकर्त्यांनी बाह्या सरसावल्या. अण्णांनी त्यांच्यापुढंही हात केला. पंधरा मिनिटांनी ते पाचही जण तापलेल्या वाळूतून लंगडी घालत नातवामागं पळताना मी काचेतून बघितले. त्या दिवशी मी जेवताना दोनदा हसले.

पण सगळेच काही हसण्यावारी नेत नाहीत. लोक मोबाइलवर लिहायला लागले. 'चप्पल काढून घेतात, कसला खुळ्याचा बाजार', 'म्हातारा उद्धट आहे'. आमचे धाकटे मालक पुण्यात शिकून आलेले. त्यांनी हे सगळं वाचलं आणि मनगटावर बांधायचे रंगीत पट्टे मागवले. पुलाच्या दोन्ही बाजूंना मशीन. पोरगं आत गेलं की पट्टा टेकवायचा, एक आकडा वाढतो. बाहेर आलं की टेकवायचा, एक कमी होतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मशीन आणि मांडण दोन्ही चालवून बघायचं, आणि सोमवारपासून मांडण भंगारात. अण्णांना पार्किंगला शिट्टी वाजवायचं काम.

अण्णा मालकांना एवढंच म्हणाले, "मशीनला पोरगं दिसतंय काय?"

"त्याला पट्टा दिसतो, अण्णा. पट्टा म्हणजेच पोरगं."

"पट्टा निघतोय."

"आणि चप्पल निघत नाही होय?" मालक हसले. पुढचे दोन दिवस अण्णा मुंगळे उचलतानाही गप्प होते. मी विचारलं, पार्किंगला सावलीत खुर्ची मिळेल, वाईट काय आहे? तर म्हणाले, "गाड्या कशाला मोजायच्या, अक्का? गाडी रडत न्हाय." मला वाईट वाटलं. पण म्हाताऱ्यानं आपलंच घोडं दामटायचं ठरवलं असेल तर आपण काय करणार, असंही वाटलं.

तो रविवार उजाडला. सुट्टीचा शेवटचा, त्यामुळं आख्खा जिल्हा लोटला होता. बेटावर तर मुंगीला जागा नव्हती, आणि मुंगीला जागा नाही म्हणजे अण्णांच्या जिवाला घोर. सहा वाजले तरी पुलावर रांग हटेना. डबा जहाजाच्या पोटातच राहिला. साडेसहाला बेट बंद झालं, पाठोपाठ पार्क रिकामं झालं. मशीनवर शून्य. मालक खुश. फोटो काढून घेतला.

आणि मांडणात, खालून दुसऱ्या खणात, एक हिरवी सँडल. वीतभर. वर बेडकाचं तोंड.

"एक पोरगं हाय आत," अण्णा म्हणाले.

"अण्णा, शून्य आलंय. कुणीतरी विसरून गेलं असणार."

"एक पायताण घालून कोण घरला जातंय? कडेवर घेतलं असतं तरी आईनं मागितलं असतं. ह्याला मी आत सोडलंय. पिवळा शर्ट, पुढचा दात पडलेला. भाईर सोडलेला न्हाय."

मालक काही बोलणार होते, पण तोवर अण्णा पायऱ्या उतरून तळ्यात शिरले होते. कपड्यांसकट. हात पाण्याखाली, पाय तळाशी चाचपत, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. ते बघेपर्यंत माझ्या लेखी ती नुसती एक सँडल होती. तेव्हा ती कुणाच्या तरी पोराची झाली.

मी खोलीत धावले आणि पुकारायला लागले. पिवळा शर्ट, हिरवी सँडल, त्याची माणसं वाट बघत आहेत. कुणाचीच माणसं वाट बघत नव्हती. गेटावर चिटपाखरू नाही, पार्किंगमध्ये आमच्याच गाड्या. परत आले तर धाकटे मालकही इस्त्रीच्या पँटीसकट पाण्यात. मगरीच्या तोंडात कुणीतरी उलटं शिरलं होतं. सूर्य माडाच्या बुंध्याशी आला होता. अण्णांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते देव जाणे.

मी म्हटलं, "अण्णा, वर या, थरथरायला लागलाय." ऐकतात कशाला. निदान टॉवेल तरी द्यावा म्हणून मी पुलावरून जहाजाकडं गेले. जहाजाच्या पोटात वाकून शिरावं लागतं. आत अण्णांचं घोंगडं, पाण्याचा माठ, डबा असं सगळं असतं. मी आत शिरले.

घोंगड्यावर पिवळा शर्ट पालथा झोपला होता. पायात एक हिरवी सँडल. शेजारी डबा उघडा, चपातीचा तुकडा नाही, आणि गालाला शेंगांची चटणी कानापर्यंत.

मी नाकापुढं बोट धरून बघितलं. चांगला घोरत होता. जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी असा राग आला की उठवून एक ठेवून द्यावी. काखेत कळसा आणि आम्ही आख्खं तळं घुसळत होतो. "अण्णा," मी आतूनच ओरडले, "हितं हाय. तुमचा डबा खाऊन झोपलंय."

मग अण्णा जहाजाच्या दाराशी आले, निथळत. आत वाकून बघितलं आणि तिथंच खाली बसले. मालक त्यांच्या मागं उभे. पोरानं डोळे उघडले, भिजलेल्या चाच्याकडं बघितलं आणि म्हणालं, "पाणी."

अण्णांनी माठातलं पाणी फडक्यातून गाळून त्याला पाजलं.

पोराचं नाव वेदू, गाव गारगोटी, एवढंच त्याला सांगता आलं. गारगोटीचे बावीस जण दोन गाड्यांतून आले होते, त्यांचा नंबर तिकीट खिडकीवर होता. मी फोन लावला.

"तुमचं एक पोरगं हितं ऱ्हायलंय."

"आमचं? न्हाय ओ. आमची सगळी हायत."

"वेदू कोण?"

"वेदू व्हय? तो मागच्या गाडीत हाय." मग जरा वेळ नुसता वारा, मग लांबून दुसऱ्या कुणाचा आवाज, "आमच्यात कुठं? तुमच्यात न्हाय व्हय?" आणि मग एका बाईचा आवाज, जो मला पुन्हा ऐकायचा नाही.

आल्यावर उलगडा झाला. वेदूला हातातला पट्टा टोचत होता, म्हणून त्यानं तो काढला. थोरल्या चुलत बहिणीनं कौतुकानं दोन्ही पट्टे स्वतःच्या हातात घातले आणि बाहेर पडताना इमानदारीत दोन्ही टेकवले. मशीननं दोन पोरं बाहेर मोजली. पुढच्या गाडीनं धरलं की तो मागच्या गाडीत आहे, मागच्या गाडीनं धरलं की तो पुढच्या. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

आईनं आधी त्याला दोन धपाटे घातले आणि मग छातीशी असा दाबला की पोरगं कळवळलं. ती त्याला घेऊन वळणार, तोच अण्णा आडवे आले. हातात हिरवी सँडल. खाली बसून त्यांनी ती वेदूच्या पायात घातली, पट्टा लावला. "लागली जोडी. न्या आता."

धाकटे मालक ओल्या पँटीत उभे होते. मशीनवर अजून शून्य दिसत होतं. त्यांनी मांडणाकडं बघितलं आणि मॅनेजरला म्हणाले, "ह्या फळीचा खिळा निघालाय. उद्या सुताराला बोलवा." एवढंच. पण मांडण राहिलं, आणि अण्णाही. पार्किंगची शिट्टी मॅनेजरच्या गळ्यात पडली.

सगळे पांगले. मी माझ्या डब्यातला उरलेला भात अण्णांपुढं केला. त्यांनी मान हलवली. "दिवस बुडाला, अक्का. आता उद्या."

"उपाशी मरा. त्या पोरानं सगळं खाल्लं."

"खाऊ दे की. भुकेलं हुतं म्हणून झोपलं. न्हायतर पाण्याकडं गेलं असतं." टोपी पिळत ते हसले. मग आपणहून म्हणाले, "मी बी असाच ऱ्हायलतो."

पाच-सहा वर्षांचे असतील. घरात आठ भावंडं. जत्रेला सगळं बिऱ्हाड बैलगाड्यांतून गेलं आणि तसंच परत आलं. "दोन गाड्या आमच्या बी हुत्या," अण्णा म्हणाले. देवळाबाहेर पायताणं सांभाळणारा एक म्हातारा होता, त्यानं त्यांना जवळ बसवून घेतलं. एकेक माणूस येऊन आपलं पायताण घेऊन गेला. रात्र झाली, सगळी पायताणं गेली, शेवटी हे दोघंच राहिले. "घरात रातच्याला कुणाला कळलं बी न्हाय. सकाळी आईनं भाकरी वाटल्या. एक उरली. तवा कळलं." हे त्यांनी हसत हसतच सांगितलं.

मी उठले आणि मांडणावर फडकं टाकायला गेले. सगळ्यात खालच्या खणात, अगदी कोपऱ्यात, अजून एक पायताण होतं. मोठं, झिजलेलं, अंगठ्याला दोऱ्यानं शिवलेलं. डावं.

"अण्णा, हे कुणाचं?"

ते जरा ओशाळले. "माझंच."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. डावा पाय अनवाणी होता. तीन वर्षं मी त्या माणसाशी भांडते आहे, रोज बघते आहे, आणि तो दिवसभर एका पायताणावर उभा असतो हे मला दिसलं नव्हतं.

"तुमचं कशाला ठेवता?"

"मी बी बेटावरच असतोय की," ते म्हणाले. "पोरगा बेंगळुरात. घरातली जाऊन पाच वर्षं झाली. एखाद्या दिवशी हितंच आत पडून ऱ्हायलो, तर कुणीतरी पायताण बघून म्हणंल, एक माणूस हाय आत."

बोलायला गेले असते तर भलतंच काहीतरी झालं असतं, आणि मंगळवार पेठेतली बाई चारचौघांत रडत नाही. मी ते पायताण उचललं आणि तशीच काचेच्या खोलीत गेले. अण्णा मागून म्हणत होते, "आवो अक्का, माझं पायताण." मी माईक चालू केला. पार्कमध्ये वॉचमन सोडला तर कुणी नव्हतं.

"पांढरी टोपी घातलेले, वडगावचे नेमगोंडा अण्णा. त्यांची माणसं गेटाजवळ वाट बघत आहेत. त्यांनी लवकर यावं."

तोवर अण्णा रिकामा डबा आणायला जहाजाकडं गेले होते. मग झुलता पूल कुरकुरला. ते आले, एक पाय वाजत, एक पाय न वाजत, आणि खरोखरच गेटाबाहेर डोकावून बघायला लागले.

"कोण आलंय, अक्का?"

"मी आलोय की," मी म्हटलं, आणि पायताण त्यांच्या पुढं ठेवलं. "घाला. मघापासून थांबलोय."

आता रोज साडेसहाला, सगळी पोरं मोजून झाली की, शेवटचं नाव तेच पुकारते. ते पुलावरून सावकाश येतात, पायताण घालतात, आणि जोडी लागली असं मी म्हणेपर्यंत जात नाहीत.